दुग्धयंत्रांची पेटंटे आणि त्यांच्या दाव्यांची भाषा

यंत्रांच्या इतिहासाची साधने म्हणून कारखान्यांची दप्तरे, प्रदर्शनांचे अहवाल आणि व्यापारी जाहिराती यांचा उपयोग अभ्यासकांनी पुष्कळ केला आहे. त्या मानाने पेटंट-लेखांकडे मात्र ते तारखांपुरतेच वळतात. अमुक यंत्राचा शोध अमुक साली लागला असे विधान करावयाचे असले म्हणजे पेटंटाचा क्रमांक आणि दिनांक पाहावयाचा, आणि लेख बाजूस ठेवून द्यावयाचा, अशी रीत पडून गेली आहे. ह्याचे कारण उघड आहे. पेटंट-लेखाची भाषा रूक्ष असते, वाक्ये लांबलचक असतात, आणि एकच शब्द कंटाळा येईपर्यंत पुनःपुन्हा आलेला असतो. परंतु ही रूक्षता निष्काळजीपणातून आलेली नसून ती पूर्णतः हेतुपुरस्सर आहे. पेटंट-लेखातील प्रत्येक विशेषणाला किंमत असते. आणि ती किंमत कोणी, कशी व किती वर्षे मोजली ह्याचा विचार केल्यावाचून यंत्राचा इतिहास पूर्ण होत नाही. इ. स. १८७८ ते १९१५ ह्या सुमाराच्या दुग्धयंत्रांच्या पेटंटांपुरती ही गोष्ट येथे तपासावयाची आहे. हे क्षेत्र निवडण्याचे कारण असे की, दूध तापविणे, विरजणे आणि घुसळणे ह्या क्रिया कोणाच्याही मालकीच्या नव्हत्या. आणि केवळ एका पिढीच्या अवधीत त्यांच्याभोवती मालकीची दाट कुंपणे उभी राहिली.

प्रथम 'पेटंट' ह्या शब्दाकडेच पाहिले पाहिजे. तो ज्या लॅटिन क्रियापदावरून आला, त्याचा अर्थ 'उघडे असणे' असा आहे. राजाने दिलेली सनद मोहोरबंद न ठेवता सर्वांस वाचता यावी अशी उघडी दिली, की ती 'उघडे पत्र' होई. आणि ह्या 'उघडे' ह्या विशेषणाचेच पुढे नाम बनले. आपल्याकडील परिभाषाकारांनी त्यासाठी 'एकस्व' हा शब्द योजिला. तो सुटसुटीत आहे खरा, परंतु त्याचा रोख मूळ शब्दाच्या नेमका उलट आहे. लॅटिन शब्द उघडेपणा सांगतो, संस्कृत घडणीचा शब्द एकट्याची मालकी सांगतो. वस्तुतः पेटंट म्हणजे ह्या दोहोंचा सौदा होय. शोधकाने आपली युक्ती सर्वांसमोर उघड करावयाची, आणि त्या बदल्यात ठराविक वर्षे ती वापरण्याचा अधिकार त्याच्या एकट्याकडे राहावयाचा. विसाव्या शतकाच्या प्रारंभी ही मुदत अमेरिकेत पेटंट मिळाल्यापासून १७ वर्षे, तर इंग्लंडमध्ये १४ वर्षे होती. हिंदुस्थानात १९११ च्या पेटंट व आकृतिबंध कायद्याने १४ वर्षांचीच मुदत ठेविली. १९३० मध्ये ती १६ करण्यात आली.

पेटंट-लेखाचे तीन भाग असतात. पहिल्यात यंत्राचे विवरण, दुसऱ्यात आकृत्या, आणि शेवटी दावे. विवरण कितीही विस्तृत असो, मालकी ठरते ती दाव्याने. १८८३ च्या ब्रिटिश कायद्याने विवरणपत्राच्या अखेरीस दाव्याचे स्पष्ट निवेदन असलेच पाहिजे असे बंधन घातले. अमेरिकेत ही प्रथा त्यापूर्वीच रूढ झाली होती. प्रत्येक दावा म्हणजे व्याकरणदृष्ट्या एकच पदबंध असतो. आरंभी एक नाम, आणि मग त्याला जोडलेली विशेषणे, धातुसाधिते व संबंधवाचक उपवाक्ये. भाषेचा सामान्य नियम असा की, नामाला जितकी विशेषणे जोडावीत तितका त्याचा अर्थविस्तार आकुंचित होतो. 'गाय' म्हटल्याने जितक्या गायी येतात, तितक्या 'पांढरी गाय' म्हटल्याने येत नाहीत, आणि 'दाराशी बांधलेली पांढरी गाय' म्हटले म्हणजे बहुधा एकच उरते. पेटंटाच्या दाव्यात हाच नियम पैशांत मोजला जातो. विशेषणे कमी ठेवावीत, तर दाव्याच्या कक्षेत पूर्वीची एखादी जुनी युक्ती येऊन सगळा दावाच फेटाळला जाण्याचे भय. विशेषणे वाढवावीत, तर प्रतिस्पर्ध्याने त्यांतील एक टाळून शेजारीच आपले दुकान थाटण्याचे भय. 'वर्णन केल्याप्रमाणे, सारतः' अशा अर्थाची शेपटी त्या काळच्या अमेरिकन दाव्यांना जी वारंवार जोडलेली दिसते, ती ह्या दोन भयांमधून काढलेली पळवाट होय. तिचा अर्थ न्यायालयात कोणता लागेल ह्याची खात्री ना लिहिणाऱ्याला असे, ना वाचणाऱ्याला.

ही ओढाताण प्रथम ठळकपणे दिसते ती क्रीम सेपरेटरच्या बाबतीत. दूध स्थिर ठेवले म्हणजे त्यातील स्निग्धांश हलका असल्याने वर येतो. परंतु त्याला बारा ते चोवीस तास लागतात, आणि तेवढ्यात उष्ण दिवसांत दूध आंबते. गरगर फिरविले म्हणजे जड भाग बाहेर फेकला जातो व हलका भाग मध्याकडे राहतो, हे केंद्रोत्सारी प्रेरणेचे तत्त्व कोणाच्याच मालकीचे नव्हते. जर्मनीत आंतोनिन प्रांटल यांनी १८६४ मध्ये ते दुधाला लावून पाहिले होते. त्यानंतर व्हिल्हेल्म लेफेल्ट यांनी १८७७ च्या सुमारास व्यवहारात चालणारे यंत्र केले. पण त्यातून मलई काढून घेण्यासाठी यंत्र थांबवावे लागे. स्वीडनचे गुस्ताफ द लावाल (१८४५-१९१३) यांनी लेफेल्ट यांच्या यंत्राची माहिती एका जर्मन दुग्धविषयक नियतकालिकात वाचली आणि १८७८ मध्ये स्वतःचे यंत्र बनविले. त्यात दूध सतत आत येत राही, आणि मलई व साय काढलेले दूध दोन वेगळ्या वाटांनी सतत बाहेर पडत राही. अमेरिकेतील त्यांचे पेटंट ४ ऑक्टोबर १८८१ चे आहे. द लावाल यांच्या नावे जे काही नवे होते ते 'सतत' ह्या एका शब्दात साठविलेले होते असे म्हटल्यास अतिशयोक्ति होणार नाही. फिरणे जुने, भांडे जुने, वेगळे करणेही जुने. 'न थांबता' एवढेच नवे.

आणि तेवढ्यावरही एकट्याची मालकी निर्विवाद राहिली नाही. डेन्मार्कमध्ये एल. सी. निल्सेन यांचे सततचालू यंत्र त्याच सुमारास तयार झाले, आणि कोपनहेगनच्या बुर्माइस्टर व वाइन ह्या कारखान्याचे यंत्र बाजारात आले. एन. जे. फ्योर्ड ह्या डॅनिश संशोधकांनी १८७९ पासून निरनिराळ्या सेपरेटरांच्या तुलनात्मक चाचण्या घेऊन त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. कोणत्या यंत्राने किती स्निग्धांश मागे राहतो हे शेतकऱ्यांना कळू लागले. १८८२ मध्ये हेडिंग येथे डेन्मार्कची पहिली सहकारी डेअरी निघाली, तिच्यामागे सेपरेटर होता, तशा ह्या चाचण्याही होत्या. पेटंटाचा लेख यंत्र 'नवे' आहे एवढेच सांगतो; ते 'चांगले' आहे की नाही ह्याविषयी तो मौन पाळतो. ते मौन भरून काढण्याचे काम फ्योर्ड यांच्यासारख्यांनी केले, आणि त्यांची नावे आज यंत्रांच्या इतिहासात क्वचितच आढळतात.

१८८३ मध्ये स्टॉकहोम येथे स्थापन झालेल्या द लावाल यांच्या कंपनीने आपले नाव ठेविले 'आक्तिएबोलागेत सेपरेटर', म्हणजे 'सेपरेटर कंपनी'. हे सामान्यनामावर ताबा मिळविण्याचे धाडस होते. ते टिकले नाही. अमेरिकेत तर दहा कारखान्यांची दहा यंत्रे 'क्रीम सेपरेटर' ह्याच नावाने विकली जाऊ लागली.

कंपनीला खरे बळ आले ते दुसऱ्याच्या शोधामुळे. म्युनिकचे क्लेमेन्स फॉन बेख्टोल्सहाइम यांनी १८८८ मध्ये फिरत्या भांड्यात एकावर एक शंक्वाकृती पातळ चकत्या रचण्याची युक्ती काढली. चकत्यांमुळे दुधाचे अनेक पातळ थर होतात, आणि स्निग्धांशाच्या कणाला आपल्या जागी पोहोचण्यासाठी जे अंतर कापावे लागते ते एका थराच्या जाडीएवढेच उरते. परिणामी त्याच आकाराचे यंत्र कित्येक पटींनी अधिक दूध वेगळे करू लागले. स्वीडिश कंपनीने १८८९ मध्ये हे हक्क विकत घेतले आणि चकत्यांना 'आल्फा' हे व्यापारी नाव दिले. शोधकाचे नाव मागे पडले. विकत घेणाऱ्याचे नाव पुढे आले. द लावाल यांच्या नावावर स्वीडनमध्ये ९२ पेटंटे होती असे सांगतात, आणि सेपरेटर फिरविण्याच्या खटपटीतूनच त्यांनी वाफेची टर्बाइन सिद्ध केली. अशा कल्पक माणसाच्या कंपनीला वीस वर्षे तारून नेणारी युक्ती बाहेरून आलेली असावी, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

ह्यापुढील काळात, म्हणजे साधारणतः १८९० पासून १९०७-०८ पर्यंत, अमेरिकेतील सेपरेटर-कारखानदारांपुढे एकच प्रश्न होता: चकत्यांवाचून काय करता येईल? त्यांच्या यंत्रांची रूपे पाहिली तर ती 'चकती' ह्या शब्दाला वळसा घालण्यासाठी आखलेली दिसतात. कोणी पन्हाळीसारखे पत्रे बसविले, कोणी पंखे बसविले, कोणी एकात एक नळकांडी घातली. ह्यांतले सर्वांत धीट उत्तर पेनसिल्व्हेनियातील वेस्ट चेस्टरचे फिलिप शार्पल्स यांचे होते. प्रारंभी त्यांचा द लावाल यंत्राशीच व्यापारी संबंध होता. पुढे विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर त्यांनी 'ट्यूब्युलर' सेपरेटर बाजारात आणला. त्यात रुंद भांड्याऐवजी लांब, अरुंद नळी वरून टांगलेली असे. व्यास कमी केला म्हणजे तेवढाच परिणाम साधण्यासाठी वेग पुष्कळ वाढवावा लागतो. तो वाढविण्याची व्यवस्था त्यांनी केली. आत चकत्या नव्हत्याच.

येथे एक मौजेची गोष्ट घडली. पेटंटामुळे चकत्या वापरता येत नाहीत, ही जी अडचण, तिलाच शार्पल्स यांच्या जाहिरातदारांनी गुण म्हणून मिरविले. सेपरेटर दिवसातून दोनदा धुवावा लागे. चकत्यांच्या यंत्रात वीस-तीस पत्रे सुटे करून, एकेक घासून, पुन्हा क्रमाने रचावे लागत. आणि हे काम शेतघरातील स्त्रीकडे येई. ट्यूब्युलरच्या जाहिरातींत चकत्यांची रास एका बाजूस आणि आपला एकुलता सुटा भाग दुसऱ्या बाजूस मांडलेला असे. दुधाचे भांडे कमरेइतक्या उंचीवर आणल्याचाही ह्या जाहिरातींत गाजावाजा असे, कारण पूर्वी जड बादली खांद्यापर्यंत उचलून ओतावी लागे. पेटंट-लेखात ह्या स्त्रीचा कोठेही उल्लेख नाही. तेथे दूध 'पुरविले जाते', भांडे 'फिरविले जाते', भाग 'स्वच्छ केले जातात'. सारी क्रियापदे कर्मणि प्रयोगात, आणि कर्ता लुप्त. धुणाऱ्या हातांचा पत्ता जाहिरातींतून लागतो, आणि तोही विक्रीच्या ईर्षेमुळे. पुढे पेटंटाची मुदत सरली, चकत्या सर्वांना खुल्या झाल्या, आणि एकामागून एक कारखानदार चकत्यांकडेच वळले. म्हणजे मधल्या काळातील वैविध्य पुष्कळ अंशी दाव्याच्या भाषेने निर्माण केलेले होते; यंत्रशास्त्राची ती गरज नव्हती. ट्यूब्युलरची अरुंद वेगवान नळी मात्र वाया गेली नाही. दुग्धव्यवसायाबाहेर, तेले व औषधी द्रव्ये शुद्ध करण्यासाठी ती पुढे दीर्घकाळ उपयोगी पडली.

दोहनयंत्राच्या पेटंटांची कथा याहून गुंतागुंतीची आहे, कारण येथे यंत्राच्या एका टोकाला जिवंत जनावर होते. एल. ओ. कॉल्विन यांनी १८६० मध्ये अमेरिकेत चार रबरी पेले आणि हातपंप ह्यांच्या साह्याने दूध ओढण्याचे पेटंट घेतले. अ‍ॅना बॉल्डविन ह्या न्यू जर्सीतील स्त्रीने १८७९ मध्ये असेच एक पेटंट मिळविले. स्कॉटलंडमध्ये विल्यम मर्चलँड यांनी १८८९ मध्ये गाईखाली टांगावयाचे निर्वात-यंत्र केले. ह्या सर्वांचा दोष एकच: ओढ अखंड असे. सडावर सतत निर्वाताचा ताण राहिला म्हणजे रक्त साकळते, सड सुजतो, गाय पान्हा चोरते. धार काढणाऱ्या प्रत्येक माणसाला हे ठाऊक होते की, वासरू ओढते आणि थांबते, ओढते आणि थांबते. ग्लासगोचे डॉ. अलेक्झांडर शील्स यांनी १८९५ च्या सुमारास आपल्या 'थिसल' यंत्रात ही आंदोलने आणली. मात्र त्या यंत्राला प्रचंड पंप लागे, आणि दुधात हवा मिसळून ते लवकर नासे.

शेवटचे कोडे सुटले ते दोन कप्प्यांच्या पेल्याने. बाहेर धातूचे कवच, आत रबराची बाही. आतल्या बाजूस निर्वात कायम. मधल्या पोकळीत मात्र आळीपाळीने निर्वात आणि हवा. हवा आली की बाही सडावर मिटते, आणि सडाला विसावा मिळतो. अमेरिकेत हल्बर्ट व पार्क यांनी १९०२ मध्ये, तर ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया प्रांतात टेरँग येथील अलेक्झांडर गिलीज यांनी १९०३ च्या सुमारास ही रचना पुढे आणली. पृथ्वीच्या दोन टोकांना एकच गोष्ट जवळजवळ एकाच वेळी सुचावी, ह्यात गूढ काही नाही. दोघांसमोर तेच वासरू होते.

ह्या यंत्रांची व्यापारी नावे भाषिक दृष्ट्या लक्ष वेधून घेतात. ग्लासगोच्या लॉरेन्स व केनेडी ह्या जोडीकडे स्पंद निर्माण करणाऱ्या उपकरणाचे हक्क होते. गिलीज यांचा पेला त्याला जोडून ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडमध्ये जे यंत्र विकले गेले, त्याचे नाव 'एल. के. जी.'. अमेरिकेत न्यू यॉर्क राज्यातील लिटल फॉल्सचे बरेल यांनी १९०५ मध्ये जे आणले, त्याचे नाव 'बी. एल. के.'. नावातील प्रत्येक आद्याक्षर म्हणजे हक्काचा एकेक वाटेकरी. वंशावळीत जशी नावे जुळत जावीत, तशी ह्या यंत्राच्या नावात पेटंटे जुळली आहेत. एकही पेटंट स्वतंत्रपणे गाईचे दूध काढू शकत नव्हते; स्पंद एकाचा, पेला दुसऱ्याचा, आणि दोहोंना एकत्र आणणारा पैसा तिसऱ्याचा. ज्यांना करार जमला त्यांचे यंत्र चालले. ज्यांना जमला नाही त्यांच्या बिनचूक रचनाही पेटंट-कचेरीच्या बाडांत पडून राहिल्या. शोध हा एका व्यक्तीच्या मस्तकात एका क्षणी उगवतो, ही समजूत टिकवून धरावयाची असेल त्याने दोहनयंत्राच्या वाटेस जाऊ नये.

ऑग्यूस्त गोलँ ह्या फ्रेंच शोधकाच्या यंत्राविषयी थोडक्यात सांगता येईल. त्यांनी १८९९ मध्ये फ्रान्समध्ये पेटंट घेतले, १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात यंत्र मांडले, आणि १९०४ मध्ये त्यांना अमेरिकेत पेटंट मिळाले. तीन दट्ट्यांच्या पंपाने दूध भारी दाबाखाली अतिसूक्ष्म वाटांतून ढकलावयाचे, म्हणजे स्निग्धांशाचे गोलक फुटून इतके बारीक होतात की ते पुन्हा वर येतच नाहीत. सेपरेटरने जे वेगळे करावयाचे, ते वेगळे होऊच नये अशी तजवीज ह्या यंत्राने केली; आणि दोन्ही यंत्रे पुढे एकाच डेअरीत शेजारी-शेजारी बसली. गोलँ यांनी आपल्या दुधाला 'स्थिर केलेले दूध' अशा अर्थाचे फ्रेंच नाव दिले होते. अमेरिकन पेटंटाच्या शीर्षकात 'दूध निकटपणे मिसळण्याची व्यवस्था' अशा अर्थाचे शब्द आहेत. शेवटी रूढ झाला तो 'होमोजिनायझर' हा तिसराच, ग्रीक घडणीचा शब्द. मराठी गृहिणी ज्याला 'दूध एकजीव झाले' म्हणेल, त्यासाठी तिन्ही शब्दांपेक्षा आपला शब्द अधिक नेमका आहे. कारण स्थिरता आणि मिसळणे ह्या दोन्ही छटा त्यात आल्या आहेत.

दुधाची भुकटी करण्याच्या पद्धतींत दोन घराणी झाली. जॉन जस्ट यांचे १९०२ चे पेटंट वाफेने तापविलेल्या दोन फिरत्या रुळांचे आहे. रुळांवर दुधाचा पातळ थर वाळतो व सुरी तो खरवडते. त्याचे हक्क जेम्स हॅटमेकर यांनी घेतले, म्हणून ती 'जस्ट-हॅटमेकर' पद्धती. दुसरे रॉबर्ट श्टाउफ यांचे १९०१ चे. त्यात दुधाचे तुषार उष्ण हवेत उडवून वाळवितात. ते हक्क अमेरिकेतील सिरॅक्यूजच्या मेरेल-सूल कंपनीने घेतले. पहिली पद्धती स्वस्त, परंतु तिची भुकटी पाण्यात नीट विरघळत नसे. दुसरी खर्चाची, परंतु अखेर तीच टिकली. न्यूझीलंडमधील जोसेफ नेथन यांच्या पेढीने जस्ट-हॅटमेकर पद्धतीचे हक्क मिळवून बनीथॉर्प येथे भुकटी तयार करण्यास आरंभ केला. भुकटीसाठी 'लॅक्टो' हे नाव नोंदविण्याचा त्यांचा विचार होता. 'दूध' ह्या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून घेतलेले ते नाव आधीच्या नावांशी फार जुळते म्हणून मिळाले नाही. तेव्हा अक्षरे फिरवून व वाढवून 'ग्लॅक्सो' हे नाव १९०६ मध्ये नोंदविण्यात आले. योगायोग असा की, ह्या फेरफाराने ते नाव दुधाच्या ग्रीक शब्दाजवळ जाऊन पोहोचले. पेटंटाची मुदत चौदा वर्षांत संपली. नाव मात्र संपले नाही. १९२४ मध्ये मुंबईत एच. जे. फॉस्टर अँड कंपनी ही ग्लॅक्सोची वितरक संस्था म्हणून स्थापन झाली, आणि गुटगुटीत बाळाला 'ग्लॅक्सो बेबी' म्हणण्याची पद्धत मराठी घरांतही शिरली. चकत्यांच्या बाबतीतही तेच झाले. बेख्टोल्सहाइम यांचे पेटंट केव्हाच संपले होते, तरी १९६३ मध्ये स्वीडिश कंपनीने 'सेपरेटर' हे सामान्यनाम टाकून 'आल्फा-लावाल' हे विशेषनाम धारण केले. मालकीसाठी दाव्याच्या वाक्यापेक्षा नावाचा एक शब्द अधिक चिवट ठरला.

ह्या साऱ्या दावेदारांच्या पंक्तीत एक मनुष्य दावा न केल्यामुळे उठून दिसतो. अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठाचे स्टीफन बॅबकॉक यांनी जुलै १८९० मध्ये तेथील कृषि-प्रयोगकेंद्राच्या चोविसाव्या पत्रिकेत दुधातील स्निग्धांश मोजण्याची रीत प्रसिद्ध केली. मापाच्या बाटलीत दूध व सल्फ्यूरिक आम्ल एकत्र करावयाचे, बाटली यंत्रात फिरवावयाची, गरम पाणी घालावयाचे, आणि मानेवरील खुणांवर वर आलेला स्निग्धांश वाचावयाचा. त्यापूर्वी डेअऱ्यांत दुधाचे पैसे वजनावर मिळत. पाणी घालणारा आणि न घालणारा सारखेच. ह्या बाटलीने तो अन्याय एका फटक्यात उघडा पाडला. बॅबकॉक यांनी पेटंट घेतले नाही. सार्वजनिक पैशांतून चाललेल्या संस्थेतील काम सर्वांचे, अशी त्यांची धारणा होती. त्याच सुमारास झुरिक येथे निक्लाउस गेर्बर यांनी त्याच प्रकारची, दुसऱ्या काही द्रव्यांची मदत घेणारी रीत सिद्ध केली आणि तिचे पेटंट घेतले. युरोपात व पुढे हिंदुस्थानात पसरली ती गेर्बर यांचीच रीत.

बॅबकॉक यांच्या औदार्याची स्तुति करून येथेच थांबण्याचा मोह होतो, पण पुरावा तसे करू देत नाही. कोणीही कारखानदार ती बाटली तयार करू लागला, आणि त्यांपैकी पुष्कळांच्या बाटल्यांवरील खुणा चुकीच्या निघाल्या. जिच्यावर शेतकऱ्याचे पैसे ठरावयाचे ती बाटलीच खोटी बोलू लागली. तेव्हा अमेरिकेतील काही राज्यांना ह्या काचसामानाच्या अचूकपणाविषयी कायदे करावे लागले. त्याच विद्यापीठात हॅरी स्टीनबॉक यांनी पुढे अतिनील किरणांनी अन्नात 'ड' जीवनसत्त्व निर्माण करण्याची रीत शोधली. तेव्हा त्यांनी नेमका उलट मार्ग धरला. पेटंट आपल्या हाती ठेवले तर मालाची प्रत राखता येईल, असे ह्या मार्गाच्या समर्थकांचे म्हणणे होते. १९२५ मध्ये हक्क सांभाळण्यासाठी एक न्यास स्थापन झाला. त्या हक्कांपासून मार्गारिनला मात्र दूर ठेवण्यात आले. लोण्याच्या राज्यात लोण्याच्या प्रतिस्पर्ध्याला सवलत कोण देणार? मार्गारिन हे गरिबांचे अन्न होते, आणि ही गोष्ट न्यायालयाच्या नजरेतून सुटली नाही. १९४५ मध्ये ती पेटंटे अमान्य ठरली. बॅबकॉक यांचा मार्ग उदार होता, पण बेहिशेबी; स्टीनबॉक यांचा हिशेबी होता, पण त्यात कोणाला वगळावयाचे हे ठरविण्याची सत्ता थोड्या हातांत गेली. ह्या दोन मार्गांपैकी पहिल्याचे दोष कायद्याने दुरुस्त करता येण्यासारखे होते, आणि झालेही. दुसऱ्याचे दोष दूर होण्यास वीस वर्षे आणि एक मोठा खटला लागला.

ह्या लेखांतील एका शब्दाविषयी अजून सांगावयाचे राहिले आहे. तो शब्द म्हणजे 'दूध'. वर उल्लेखिलेल्या पेटंटांत तो सर्वत्र विशेषणावाचून येतो. दाव्याच्या व्याकरणाप्रमाणे विशेषण नसलेला शब्द सर्वांत व्यापक. म्हणजे कोणत्याही जनावराचे दूध त्यात यावयास हवे. परंतु लिहिणाऱ्यांच्या मनात गाय होती. युरोप, अमेरिका आणि ऑस्ट्रेलिया येथे हे गृहीत कोणाला खटकण्याचे कारणच नव्हते. ते खटकले हिंदुस्थानात. येथे बाजारातील दूध मोठ्या प्रमाणावर म्हशीचे; त्यात स्निग्धांश साधारणतः सात टक्के, म्हणजे गाईच्या दुधाच्या जवळजवळ दुप्पट. आपली 'साय' आणि सेपरेटरची 'क्रीम' ह्याही वेगळ्या वस्तु. साय ही तापविलेल्या दुधावर धरते. कच्च्या दुधातून फिरवून काढलेल्या स्निग्धांशासाठी आपण 'मलई' हा शब्द उसना घेतला.

पाश्चात्य दुग्धयंत्रे येथे प्रथम लष्करी डेअऱ्यांत आणि लोण्याच्या कारखान्यांत आली. पुढे १९३८ मध्ये हेनिंग होल्क-लार्सेन आणि सोरेन टूब्रो ह्या दोघा डॅनिश अभियंत्यांनी मुंबईत भागीदारीत पेढी काढली. ती आरंभी डॅनिश दुग्धयंत्र-निर्मात्यांची प्रतिनिधी होती. फ्योर्ड यांच्या चाचण्यांनी ज्या डेन्मार्कची डेअरी घडविली, तेथीलच यंत्रे ह्या पेढीमार्फत येथे येऊ लागली. त्या वेळी मुंबई राज्यात असलेल्या खेडा जिल्ह्यात आणंदच्या सहकारी संघाचे दूध मुंबईच्या सरकारी दूध योजनेला जात असे. हिवाळ्यात दूध उतू जाई, आणि मुंबईला ते सगळे नको असे. भुकटी करणे हाच उपाय होता. पण म्हशीच्या दुधाची भुकटी होऊ शकत नाही, असे परदेशी तज्ज्ञांचे ठाम मत होते. त्यांचे सारे अनुभव, आणि त्यांच्या यंत्रांची सारी मापे, गाईच्या दुधावर बेतलेली होती. आणंद येथील तंत्रज्ञ हरिचंद मेघा दलाया यांनी तुषार-पद्धतीच्या यंत्रावर म्हशीच्या दुधाचे प्रयोग करून ते होते हे दाखवून दिले, आणि ३१ ऑक्टोबर १९५५ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते आणंदच्या भुकटीच्या कारखान्याचे उद्घाटन झाले. ती भुकटी म्हशीच्या दुधाची होती.